थांबण्याचे गुण

लोकांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं आणि ते कसं शिकवतात ते मोजायचं, ही तिची नोकरी. कोणी "म्हणजे नक्की काय करतेस गं?" असं विचारलं की ती भरभरून सांगायला लागायची आणि विचारणारा दोन मिनिटांत घड्याळाकडे बघायला लागायचा. पण काम तसं सरळ होतं. शिक्षक वर्गात काय काय करतात, आणि त्यातल्या कशामुळे मुलं खरंच शिकतात, हे तिच्या संस्थेला शोधायचं होतं. त्यासाठी निवडलेल्या शाळांमध्ये वर्षभर बसायचं, तासांचं चित्रीकरण करायचं आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे.

त्यातला तिचा सगळ्यात लाडका निकष होता थांबण्याचा. शिक्षकाने प्रश्न विचारला की उत्तरासाठी तो किती वेळ थांबतो? आपल्याला वाटतं, थांबत असतील की. अजिबात नाही! बहुतेकांच्या तोंडून प्रश्न बाहेर पडायचा आणि त्याच श्वासात त्याचं उत्तरही. मुलांनी डोकं खाजवायला सुरुवात करावी, तोवर फळ्यावर उत्तर हजर. जो थांबेल, मुलांना विचार करू देईल, त्याला गुण जास्त. जुना धडा मध्येच पुन्हा काढेल, त्यालाही गुण. ज्याच्या वर्गात मुलं आपणहून प्रश्न विचारतील, त्याला तर भरपूर. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

शाळांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली आणि त्यात नेमकी तिच्या वडिलांची शाळा निघाली. वडील गणिताचे शिक्षक, निवृत्तीला आलेले. तिने प्रामाणिकपणे मार्गदर्शकांना जाऊन सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हरकत नाही. पण सोबत दुसरा निरीक्षक बसेल, आणि तुमचे दोघांचे गुण जुळले पाहिजेत. शिवाय एक लक्षात ठेवा, वर्गात तुम्ही मुलगी नाही आणि ते वडील नाहीत."

वडिलांना ही अट फारच आवडली. मुळात माणूस मिश्कील. लेकीला घरात ते मोजपट्टीच म्हणायचे, कारण लहानपणी ती दिसेल ते मोजत सुटायची. टेबल, दार, आजोबांच्या मिशा, काही सोडायची नाही. पहिल्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी राहिली तशी त्यांनी खडू खाली ठेवला, अदबीने मान झुकवली आणि म्हणाले, "या बाई, बसा. मुलांनो, या निरीक्षक बाई. या काही बोलणार नाहीत, फक्त बघणार आहेत. तेव्हा जरा शहाण्यासारखं वागा." तिने हसू येऊ नये म्हणून ओठ दाताखाली घट्ट धरला. घरी आल्यावर जेवताना ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आज आमच्या वर्गात एक बाई आल्या होत्या. चांगल्या वाटल्या." दोघंही पोट धरधरून हसली. आई ताटावरून उठून पाणी आणायला गेली. पुढे हा खेळ रोजचाच झाला.

ती स्वतः लहानपणी त्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात शिकली होती. तेव्हाचे सर म्हणजे तुफान! प्रश्न, उत्तर, पुढचा प्रश्न. खडू फळ्यावर नुसता पळायचा. ज्याला जमलं तो मागे धावला, ज्याला नाही जमलं तो धापा टाकत बसला. आता बघते तर माणूस पार बदललेला. त्यांनी फळ्यावर दोन अपूर्णांक मांडले, वळले, विचारलं, "आता काय करायचं?" आणि थांबले. हातात खडू, नजर खिडकीबाहेर. वर्गात चिडीचूप. तिच्या हातातल्या घड्याळाचा काटा पुढे पुढे चाललेला, आणि सर थांबलेलेच. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, छेद सारखे करायचे का?" सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास! करायचे का? आणि का करायचे?" लगेच मागून दुसरं कोणीतरी, मग तिसरं. बघता बघता सगळा वर्ग बोलायला लागला.

तिचा ऊर भरून आला. या वयात बाबा नवं शिकले! कोणी सांगितलं नाही, प्रशिक्षणाला पाठवलं नाही, आपलं आपण त्यांना कळलं की थांबलं पाहिजे. तिने रकान्यात सगळ्यात वरचे गुण लिहिले आणि चोरून शेजारच्या निरीक्षकाच्या कागदाकडे पाहिलं. त्यानेही तेच लिहिले होते. त्या आठवड्यात सरांनी आधी झालेला धडा पुन्हा पहिल्यापासून घेतला, अगदी नवाकोरा असल्यासारखा, त्याच उदाहरणांसकट. तिने लिहिलं, मध्ये अंतर ठेवून जाणीवपूर्वक उजळणी. त्यालाही वरचे गुण.

सहामाही परीक्षेत सरांचा वर्ग सगळ्या शाळांत पहिला आला. नुसता पहिला नाही, बाकीच्यांना कुठल्या कुठे मागे टाकून. तिने अहवाल लिहिला आणि त्यात वडिलांच्या वर्गावर एक आख्खं प्रकरण खर्ची घातलं. नाव कुठे दिलं नव्हतं, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. शाळेतल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आनंदाने नुसत्या तरंगत होत्या.

मग शिक्षकांचा मेळावा भरला. मोठं सभागृह, समोर पडदा. पडद्यावर सरांचा वर्ग दाखवला; तेच दोन अपूर्णांक, तोच प्रश्न, तेच थांबणं. सभागृह श्वास रोखून बघत होतं. दिवे लागल्यावर सरांना व्यासपीठावर बोलावलं. एका तरुण शिक्षिकेने उठून विचारलं, "सर, आम्हाला एवढं थांबायचा धीरच होत नाही. त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललेलं असतं?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्या शिक्षिकेकडे. "काही नाही हो," ते म्हणाले. "पुढचं आठवत नव्हतं. पोरांनी सांगितलं."

सभागृहात हशा पिकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. काय हा विनय! तीही हसली, तिनेही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, आणि कौतुकाने शेजारी बसलेल्या आईकडे वळली. आई हसत नव्हती. मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती. लेकीचे टाळ्या वाजवणारे हात थांबले.

घरी आल्यावर वडील कपडे बदलायला आत गेले तशी तिने स्वयंपाकघरात आईला गाठलं.

"आई, काय झालंय बाबांना?"

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "काय झालंय म्हणजे?" ती म्हणाली. "तुला माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

मग आईने सांगितलं. नळ उघडा राहायचा. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधायचे. एकदा संध्याकाळी, तू घरी नव्हतीस तेव्हा, बसने भलतीकडेच गेले, आपण पूर्वी भाड्याने राहायचो त्या घराची घंटा वाजवून उभे राहिले. ती माणसं चांगली म्हणून त्यांनी घरी आणून सोडलं. हे सगळं सांगताना आई तोच एक कप पुन्हा पुन्हा विसळत होती.

"आणि तू मला बोलली नाहीस?" तिचा आवाज चढला. "मला? तुझ्या मुलीला?"

"अगं, तू रोज त्यांच्यासमोर बसत होतीस की!" आई वळली. तिचे डोळे भरले होते. "दिवस दिवस. मी घरात कितीसं बघणार? तू शिकलेली, बघणं हेच तुझं काम. मला वाटलं, तुला दिसलंच असेल. तू काही बोलत नाहीस, उलट कौतुक करतेस, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. वय झालं की होत असेल असं. तू बोलत नव्हतीस म्हणून मी गप्प बसले."

आतून वडिलांनी हाक मारली, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" आई पदराला हात पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने सगळं चित्रीकरण पुन्हा लावलं. या वेळी कागद नाही, घड्याळ नाही. नुसतं पाहिलं. आणि आता जे दिसत होतं ते आधी न दिसायला माणूस आंधळाच असायला हवा. थांबलेले सर विचाराला वाव देत नव्हते. त्यांचा हात फळ्यावरून हळूहळू सरकत होता, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा. त्यांची नजर खिडकीबाहेर होती, कारण आत कुठे बघायचं ते त्यांना समजत नव्हतं. आणि मुलं? मुलं गणिताकडे बघतच नव्हती. सर थांबले की ती एकमेकांकडे बघत होती. कोणीतरी कोणाला तरी डोळ्याने खुणावत होतं, आणि मग एक हात वर जात होता. हे सगळं महिनोन् महिने तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि ती सेकंद मोजत बसली होती. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली.

दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला सगळे बडबडी म्हणत. शाळेत जाऊन मधल्या सुट्टीत तिने या बडबडीला जिन्यापाशी गाठलं. बडबडीने आधी आजूबाजूला पाहिलं.

"बाई, तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? नाहीतर आम्हाला दुसरे सर देतील."

"नाही सांगणार. तुम्ही काय करता ते मला सांग."

"काही नाही, पाळ्या लावल्यात. रोज एका बाकाची पाळी. ज्यांची पाळी त्यांनी घरून धडा नीट वाचून यायचं. सर अडले की त्यांनी प्रश्न विचारायचा. उत्तर नाही हं सांगायचं! उत्तर सांगितलं तर सरांना वाईट वाटतं. प्रश्न विचारला की त्यांना आठवतं. मग ते खूप छान शिकवतात."

"हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही यायच्या आधीपासून." बडबडीने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्ही रोज लिहीत होता ना? आम्हाला वाटलं, तुम्ही तेच लिहिताय."

एवढं बोलून ती पळाली. घंटा झाली होती, आणि आज तिच्याच बाकाची पाळी होती.

ती एका डॉक्टरांना भेटली. डॉक्टर म्हणाले, "विस्मरणाचा हा आजार उलटा फिरवता येत नाही. पण जेवढ्या लवकर आणाल तेवढा अधिक काळ हातात राहील. उशीर करू नका." एवढं ऐकल्यावर कुठली मुलगी स्वस्थ बसेल? तिने त्याच संध्याकाळी वडिलांपुढे विषय काढला.

वडील आधी हसले, मग चिडले. असं चिडलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उठले, कपाटातून तिचा अहवाल काढला आणि बोट ठेवून एक एक शब्द वाचला. "'मुलांना विचारासाठी पुरेसा अवकाश देतात.' कोणी लिहिलंय हे?"

"मी, बाबा."

"'मागील घटकांची सातत्याने उजळणी घेतात.' कोणी लिहिलंय?"

"मीच."

"मग? तेव्हा खोटं लिहिलंस की आता खोटं बोलतेस?" त्यांनी अहवाल मिटून छातीशी धरला. "उभा जन्म शिकवलं, कोणी कधी विचारलं नाही. आता चार लोक चांगलं म्हणाले तर माझीच मुलगी मला डॉक्टरकडे न्यायला निघाली. मला काहीएक झालेलं नाही."

बाबांना रजेवर पाठवा असं सांगायला मोठ्या बाईंकडे गेली तर तिथेही तेच. "अहो, तुमच्याच सहीचा अहवाल आहे! त्यांचा वर्ग सगळ्यांत पुढे आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता त्यांना सक्तीच्या रजेवर कशाच्या आधारावर पाठवू? थकले असतील थोडे. आता कुठे शाळेचं नाव होतंय, आणि तुम्ही..." पुढचं त्यांनी गिळलं.

आपणच बांधलेली भिंत आपल्यालाच पाडता येईना. दुसरी कोणी असती तर वडिलांच्या शेजारी जाऊन बसली असती, त्यांचा हात हातात घेतला असता, हळूहळू बाबापुता करत आठ-पंधरा दिवसांत त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं असतं. पण ही पडली मोजपट्टी! तिच्या डोक्यात एकच आलं, की पुरावा पाहिजे. मुलांचा आधार काढून घेतला की खरं काय ते आपोआप दिसेल. निष्कर्ष काढायचा तर दुसरं काही मध्ये यायला नको, हे तिला तिच्या विद्येने शिकवलं होतं. ती मोठ्या बाईंना म्हणाली, "एक तास माझ्याशेजारी येऊन बसा. एवढंच करा."

ठरल्या दिवशी सर यायच्या आधी ती वर्गात गेली. मुलांना म्हणाली, "आज सर अडले तर कोणीही बोलायचं नाही. प्रश्न नाही, खूण नाही, काही नाही."

बडबडी उभी राहिली. "मग सर काय करतील?"

"काही नाही होणार. सरांना बरं वाटावं म्हणूनच हे करायचंय. एकदाच. कराल ना?"

मुलांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसांवर मुलं विश्वास ठेवतात, त्याला आपण काय करणार?

सर आले. दारातच त्यांनी मोठ्या बाईंना पाहिलं आणि खूश झाले. फळा पुसला, वळणदार अक्षरात दोन अपूर्णांक मांडले. ते अक्षर अजून तस्सं होतं. वळले आणि म्हणाले, "आता काय करायचं?"

कोणी बोललं नाही.

सर थांबले. तिच्या हातात सवयीने घड्याळ आलं होतं, ते तिने पटकन पिशवीत कोंबलं. सर फळ्याकडे वळले, आकड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा वर्गाकडे वळले. ते हसत होते. पोरं आता बोलतील, अशा खात्रीने हसत होते. मुलांनी माना खाली घातल्या.

"अरे, सांगा की," ते म्हणाले. "सोपं आहे."

पाळी होती त्या बाकावरचा मुलगा वहीत तोंड खुपसून बसला होता आणि त्याची पाठ हलत होती. सरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी एका मुलाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. प्रत्येक चेहरा खाली.

"काय झालं रे?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. "रागावलात का माझ्यावर?"

"बस," मोठ्या बाई तिच्या कानाशी पुटपुटल्या. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला होता. "बस झालं. कळलं मला."

पण सर अजून तसेच उभे होते. त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि त्यांना जरा धीर आल्यासारखा वाटला. "बाई," ते म्हणाले, "आज तुम्हीच काही बोला. ही मुलं बोलेनाशी झालीत."

ती उठली. नियम, निकष, सगळं गेलं खड्ड्यात. बाकांमधून वाट काढत ती पुढे गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी आहे. चला, घरी जाऊ या."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाशी बोलताना चेहऱ्यावर येते तशी अदब होती त्यांच्या चेहऱ्यावर. घरी जेवताना ते ज्या बाईंविषयी सांगायचे आणि ज्यावर दोघं मिळून हसायची, त्याच बाईंकडे ते आता बघत होते. आणि तिला कळलं, की त्यातल्या कितीतरी वेळा हसत होती ती एकटीच.

"नाही हो बाई, असं अर्ध्यात सोडून कसं जाणार?" ते समजुतीने म्हणाले. "आणि काळजी कशाला करता? माझी मुलगी येईल एवढ्यात. ती रोज येते. मागेच बसते. बोलत नाही, पण बारीक लक्ष असतं तिचं माझ्याकडे. माझं कुठे अडलंय, ते तिला बरोबर कळतं."

त्यांनी खडू टेबलावर ठेवला, खुर्ची दाराच्या दिशेने वळवली आणि बसले.

"आपण थांबू या तिच्यासाठी," ते मुलांना म्हणाले.

"हो, सर," बडबडी म्हणाली. आणि सगळा वर्ग त्यांच्याबरोबर दाराकडे बघत बसला.